कुटुंबप्रमुखाचं उत्तर

जनगणनेत घरातल्या सगळ्यांच्या वतीने बहुधा एकच माणूस बोलतो. आमच्या घरी तो मी. प्रगणक ओट्यावर बसतो, विचारतो. मी सांगतो, तो नोंदवतो. पुरावा मागत नाही. माझा शब्द तोच सरकारचा आकडा. 2011 साली अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या 28,88,445 निघाली, त्यात माझ्या तोंडून गेलेली माणसंही आहेत. आता 2027 ची जनगणना समोर आहे, आणि गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला बसताना मन पुन्हापुन्हा त्या प्रश्नांकडे जातं.

सर्वांत अवघड प्रश्न पत्नीच्या कामाचा. गेल्या वर्षभरात काम केलं का? सहा महिने किंवा जास्त केलं तर मुख्य कामगार, कमी केलं तर सीमांत, अशी 2011 ची व्याख्या. हाती मजुरी पडलीच पाहिजे अशी अट नाही. घरच्या शेतातलं बिनमजुरीचं कामही काम धरतात. आमची ही पाऊस पडला की सरकी टोबते, मग निंदण, दिवाळीच्या आगेमागे वेचणी. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी तिच्या बोटांची नखाजवळची कातडी फाटते. रात्री त्यावर तेल चोळते आणि सकाळी पुन्हा वेचणीचा ओटा कमरेला बांधून पऱ्हाटीत शिरते. तरी ‘घरकाम करते’ हे उत्तर माझ्या जिभेवर तयार असतं. का? सातबारा माझ्या नावावर आहे म्हणून? खोलात गेलो तर असं दिसतं की तिला शेतकरी म्हटलं की कापसाच्या पैशावर तिचाही हक्क मानावा लागेल. हे मला बरं वाटत नाही, पण मनात आहे ते हेच.

मुलाचं सोपं आहे. रेशनकार्डावर नाव इथे असलं तरी तो राहतो पुण्यात, तेव्हा मोजला जाईल तिथेच. जात मात्र सगळ्यांची विचारली जाणार, स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेत प्रथमच. तिथे फायदा बघून बोलायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे.

एका चुलीवर जेवतात ते कुटुंब, अशी सरकारची व्याख्या. आश्रमात राहणाऱ्यांची नोंद संस्थात्मक कुटुंब म्हणून होते. बेघरांसाठी 28 फेब्रुवारीची रात्र राखलेली असते. पण मेळघाटातून हरभरा सोंगायला, वीटभट्टीवर आलेली कोरकू कुटुंबं? ती होळीला घरी परततात, आणि 2027 ची होळी मार्चच्या उत्तरार्धात आहे. म्हणजे मोजणीच्या वेळी त्यांच्या घराला कुलूप असू शकतं आणि माणसं आमच्या शेतातल्या कोठ्यात. गेल्या खेपेच्या फेरतपासणीत देशभरात हजारी 23 माणसं सुटल्याचं आढळलं. कोठ्यातल्यांबद्दल कोणी विचारलं, तर ‘ते आमच्या गावचे नाहीत’ असं मी सहज म्हणून टाकतो. त्यांच्या राबण्यावर माझा हरभरा घरी येतो, हे तेव्हा मला आठवत नाही.

2021 ची जनगणना करोनामुळे लांबली. तेव्हापासून सरकार अंदाजांवर चालतं: 2011 च्या आकड्याला धरून पुढचे जन्म, मृत्यू, स्थलांतर यांचा हिशेब. अन्न सुरक्षा कायद्याचे धान्याचे लाभार्थी किती, हेही त्याच जुन्या मोजणीवर ठरलेलं आहे. ओट्यावर दिलेलं एक उत्तर दहा-पंधरा वर्षं कुणाच्या तरी ताटापर्यंत पोचत राहतं. आणि खरं बोलायला भ्यावं असंही काही नाही. 1948 च्या जनगणना कायद्याने ही माहिती गोपनीय आहे, ती कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही.

प्रगणक तुमच्या दारी आला तर घरच्या बाईला ओट्यावर बोलवा, तिचं काम तिलाच सांगू द्या. आणि शेतातल्या कोठ्याकडे जाणारी पांदण त्याला दाखवायला स्वतः सोबत जा.