सरकारचा पैसा आणि आपला दिवा



मागच्या पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना संपली. मुले पांगली, बाया चटया गुंडाळू लागल्या. दोन वर्षांपूर्वी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर ज्यांच्या कुटुंबाने दीक्षा घेतली, त्या एक आजी माझ्याजवळ येऊन बसल्या. नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनाचा विषय निघाला होता. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तूंचे तेथे संग्रहालय आहे आणि त्याच्या नूतनीकरणासाठी शासनाने निधी दिला, असे मी मुलांना सांगितले होते. आजींनी ते ऐकले होते. त्या म्हणाल्या, "बाई, एक सांगा. हात पसरनं सोडलं म्हनून तर आमी हा धम्म घेतला. मंग बाबासाहेबाच्या वस्तूसाठी सरकारपुढं काऊन हात पसराचा?"

मी शाळेत शिकविते. पोरांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हा माझा रोजचा धंदा. पण आजींच्या प्रश्नाला त्या रात्री मला नीट उत्तर देता आले नाही. आज ते तुमच्यापुढे मांडते. कारण हा प्रश्न त्या एकट्या आजींचा नाही. नव्याने धम्मात आलेल्या प्रत्येक घराला तो आज ना उद्या पडणार आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. आजींचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, तो स्वाभिमानाचा आहे. ज्यांच्या पूर्वजांनी गावगाड्यात दारोदार फिरून बलुते मागितले, उरल्यासुरल्या भाकरीवर दिवस काढले, त्यांना 'अनुदान' हा शब्द ऐकला की मागचे सारे आठवते. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेली जनावरे ओढणे आणि शिळे तुकडे मागणे सोडून देण्यास सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन वरून इनामासारखे दिसे. आतून ती गुलामी होती. चार शेर धान्याच्या बदल्यात माणूस रात्रंदिवस राबविला जाई आणि वर 'आम्ही तुम्हाला पोसतो' असे त्यालाच ऐकवले जाई. म्हणून आजी विचारतात: शासनाचा निधी हे नवे बलुते तर नव्हे?

याचे उत्तर शोधायचे तर आधी हे विचारू या, की हा पैसा आहे कोणाचा?

सरकारजवळ स्वतःचा असा पैसा नसतो. आजी साबणाची वडी विकत घेतात, त्यांचा नातू चपलांचा जोड घेतो, त्या किमतीत कर असतो. मजूर भरतो, हमाल भरतो, बांधकामावर विटा वाहणारी बाईही भरते. आपल्या नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये १८६३ सालापासून सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. आपण सारे त्याला अजब बंगला म्हणतो. त्याचे छत दुरुस्त झाले, त्यातल्या मूर्तींची निगा राखली गेली, तर सरकारने कोणाला भीक घातली असे कोणी म्हणत नाही. मग चिचोलीच्या वाट्याला पैसा आला की त्यालाच उपकार का म्हणावे? बलुते हे वरच्याने खालच्याला दिलेले असते. सार्वजनिक निधी हा सर्वांनी मिळून साठविलेला आणि सर्वांसाठी खर्चायचा पैसा आहे.

आणि हा विचार माझा नाही, तो आपल्या चळवळीच्या मुळाशीच आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तोच धागा धरून चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तो पाण्यापर्यंत नेण्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. पुढे सवर्ण मंडळी कोर्टात गेली. त्यांचे म्हणणे काय होते? हे तळे सार्वजनिक नव्हेच, ते खासगी आहे! दहा वर्षे दावा चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला.

यातले मर्म लक्षात घ्या. आपले विरोधक म्हणत, 'हे आमचे खासगी आहे.' आपण म्हणालो, 'हे सर्वांचे आहे, म्हणून आमचेही आहे.' जो समाज 'सर्वांचे' या एका शब्दासाठी लढला, त्याने सर्वांच्या पैशाला भिऊ नये.

आता संग्रहालयाला एवढा पैसा लागतोच कशाला, असे कोणी विचारील. मी कॉलेजात शिकत असताना पहिल्यांदा चिचोलीला गेले. धम्मदीक्षेच्या सोहळ्याचे एक प्रमुख संयोजक वामनराव गोडबोले यांनी या कामाला आयुष्य वाहिले. बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी जपून ठेवलेल्या वस्तू त्यांच्याकडे सोपविल्या. तेथे बाबासाहेबांचे कोट आहेत. राज्यघटनेचा मसुदा ज्यावर टंकित झाला असे सांगतात, तो टाइपरायटर आहे. आमच्या घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेली मी पहिली. त्या कोटासमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे! पण तेव्हाच मनात आले, हे कापड किती वर्षे टिकेल?

लोकरी कापडाला कसर लागते हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. आपण डांबरगोळ्या टाकून पेटी बंद करतो. संग्रहालयाला पेटी बंद करून चालत नाही. लोकांना दाखवायचे आणि वस्तूही वाचवायची, अशी दुहेरी जबाबदारी असते. उजेडाने कापडाचा रंग उडतो, म्हणून जुन्या वस्त्रांवर सुमारे ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देऊ नये असा जगभरच्या संग्रहालयांचा दंडक आहे. आपल्या स्वयंपाकघरातील दिव्याचा उजेडही त्याहून अधिक असतो. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते. कागद आणि लोकर दोन्हींना हा चढउतार मारक आहे. हवा रात्रंदिवस एका मापाची ठेवायची, तज्ज्ञांकडून कापडावर प्रक्रिया करून घ्यायची, वाळवी, आग, चोरी यांपासून राखायचे, हे काम वर्गणीच्या डब्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत नाही. लोकांनी श्रद्धेने वस्तू जपल्या, म्हणून त्या आजवर राहिल्या. पण कसरीला श्रद्धा कळत नाही.

येथे दुसऱ्या बाजूने एक आक्षेप येतो, आणि तोही प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. भारत हे धर्मनिरपेक्ष राष्ट्र आहे. मग बौद्धांच्या स्थळावर सर्व धर्मीयांचा पैसा का खर्चावा? याला 'त्यांच्या मेळ्यांना आणि यात्रांना मिळतो, मग आम्हाला का नको' असे उत्तर आपल्यापैकी अनेक जण देतात. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. दुसऱ्याचे चुकत असेल तर त्याने आपले बरोबर ठरत नाही. खरे उत्तर राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद २७ सांगतो की, एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेला कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. ही रेघ बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिच्या घटनेत आहे. ती आपण पुसायची नाही, आपणच पाळायची आहे.

रेघ अशी की, बाबासाहेबांचा कोट, त्यांचा टाइपरायटर, महाडचा सत्याग्रह, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी केलेले धर्मांतर हा देशाचा इतिहास आहे. तो ब्राह्मणाच्या मुलाने पाहावा, मुसलमानाच्या मुलीने पाहावा, आदिवासी पोराने पाहावा. त्याची इमारत सर्वांच्या पैशातून उभी राहणे योग्यच आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर विकत घेतले. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तेथे राहिले होते. शेजाऱ्यांनी व तेथील स्थानिक संस्थेने संग्रहालयाला हरकत घेतली, चौकशी झाली आणि २०२० साली परवानगी मिळाली. त्या घरात कोणी पूजा मांडत नाही. एका विद्यार्थ्याने कसा अभ्यास केला ते लोक पाहतात. परंतु आपल्या विहारातील वंदना, भन्तेंचे चीवरदान, श्रामणेर शिबिर, मुलांचा धम्मवर्ग यांचा खर्च मात्र आपणच उचलावा. स्वतःच स्वतःचा दीप व्हा, हा भगवंताचा उपदेश आहे. त्या दिव्यात सरकारी तेल घालून चालणार नाही.

निधी घेणे योग्य म्हटले, तरी डोळे मिटून घेणे योग्य नव्हे. दीक्षाभूमीचा अनुभव ताजा आहे. सुमारे २०० कोटी रुपयांच्या विकास आराखड्यात जमिनीखाली वाहनतळ होता. खोदकामाने स्तूपाला धोका होईल, या चिंतेने १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक जमले. काही बांधकाम साहित्याची मोडतोड व जाळपोळ झाली, आणि शासनाने काम थांबविल्याची घोषणा केली. जाळपोळ हा आपला मार्ग नव्हे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले. पण लोकांचा मूळ प्रश्न रास्त होता: ही भूमी ज्यांच्यासाठी आहे, त्यांना आधी विचारले का?

जगातही असेच घडले आहे. जेरुसलेम शहरात 'सहिष्णुतेचे संग्रहालय' उभारण्याचे ठरले, आणि जागा निवडली ती मुसलमानांच्या जुन्या कबरस्तानाची! आक्षेप न्यायालयात गेले. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने बांधकामास संमती दिली. कायद्याने संमती मिळाली खरी, पण ज्यांच्या पूर्वजांची हाडे हलविली, त्यांना ती इमारत कोणती सहिष्णुता शिकविणार? समतेचे घर बांधताना ते कसे बांधले, कोणाला विचारून बांधले, हाही त्या घराचा पहिला धडा असतो.

आणि शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. पैसा देणाऱ्याला भिंतीवरचे सत्य पुसण्याचा अधिकार नाही. 'सहिष्णुता' हा शब्द सध्या फार गोड मानला जातो. मला त्याची थोडी भीती वाटते. सहन करणारा नेहमी वर बसलेला असतो. ज्याला सहन केले जाते तो खाली. आपण महाडला पाणी प्यायला गेलो, ते कोणी आपल्याला सहन करावे म्हणून गेलो नव्हतो. माणूस म्हणून आपला हक्क बजावायला गेलो होतो. धम्माने शिकविली ती मैत्री, घटनेने सांगितली ती बंधुता. म्हणून संग्रहालयात केवळ चष्मा आणि पेन मांडून, हार घालून, 'महामानव होऊन गेले' एवढेच लिहिले, तर ते अर्धे सत्य होईल. तळ्यावरून परतणाऱ्या लोकांची डोकी कोणी फोडली, नाशिकच्या काळाराम मंदिराचे दरवाजे १९३० साली कोणासाठी बंद होते, हेही तेथे असले पाहिजे. ते कोणाचा द्वेष करायला नको. कोणत्या रोगावर हे औषध शोधले ते कळायला हवे. रोगाचे नाव लपवून औषधाची बाटली पुजण्यात काय अर्थ?

काल संध्याकाळी मी आजींच्या घरी गेले आणि हे सारे माझ्या परीने सांगितले. म्हटले, "आजी, हात पसरायचा नाही, हे तुमचं खरं. आपण आपल्याच पैशाचा हिशेब मागायचा." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग त्या हिशेबाचा कागद वाचता आला पायजे ना बाई." आणि नातवाला हाक मारून त्यांनी त्याचे दप्तर काढायला लावले.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. मुलांना घेऊन चिचोलीला जा. जाताना शेजारच्या घरातले मूलही सोबत न्या, मग ते कोणत्याही जातीधर्माचे असो. काम कसे चालले आहे, पैसा कोठे गेला, भिंतीवर काय लिहिले आहे, ते पाहा आणि विचारा. विचारायला संकोच करू नका. तो पैसा तुमचाही आहे. आणि परत आल्यावर विहाराच्या दानपेटीत आपल्या कष्टाचा एक रुपया टाका. तो फक्त तुमचाच आहे.

भवतु सब्ब मंगलं.