पातं कुणाचं, मूठ कुणाची

तारकर्लीत खंडेनवमीला एका घरी पूजेला मांडलेली धोप तलवार पाहून सोबतचे एक अभ्यासू गृहस्थ म्हणाले, "पातं विलायती आहे. ही आपली तलवार नव्हेच." ते वाक्य मला अजून बोचतं आहे.

विलायती पाती पोर्तुगीजांमार्फत गोव्याला उतरत, त्यांना फिरंग म्हणत, हे जुनंच आहे. लंडनच्या राजसंग्रहातल्या जगदंबा तलवारीचंही पातं युरोपीय. प्रिन्स ऑफ वेल्सच्या 1875-76 च्या भारतदौऱ्यात कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजींकडून ती त्याच्याकडे गेली. पण तेवढ्यानं ती युरोपीय ठरते? पातं बाजारात विकत मिळतं, मूठ मात्र लढणाऱ्याच्या रीतीप्रमाणे घडवावी लागते. खंडा तलवारीच्या मुठीला बोटं झाकणारी रुंद परज असते, आत गादी असते आणि मागे गज निघतो. लांब, सरळ पात्याचा जड वार करताना दुसरा हात त्या गजावर येतो. उलट, मागे गोल वाटी असलेली मूठ मनगट फार वळू देत नाही. तिच्यानं खेचून कापायचं असतं. वार कसा करायचा ते मूठच सांगते. म्हणून मुठीवरूनच तलवार ओळखावी, असं मी त्यांना ठासून म्हणालो.

दूर बालीत क्रिस नावाच्या खंजिराच्या मुठीवर देव आणि राक्षस कोरतात. अशा आकृतीच्या मुठीला तिथे तोगोगान म्हणतात. पात्याच्या घडणीची नावं वेगळी. एकाच पात्याला पिढ्यांगणिक नवी मूठ चढू शकते आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

पण मग माझाही दावा टिकत नाही. वाटीच्या मुठीत पातं राळेनं बसवलेलं असतं. तापवलं की सुटतं. खंड्याच्या मुठीतलं खिळे काढले की मोकळं होतं. म्हणजे मूठ शेवटच्या हाताची साक्ष देते, पहिल्या हाताची देईलच असं नाही. मुल्हेरी मूठ म्हटली की बागलाणातला मुल्हेर आठवतो, पण ती घडण पाहून दुसऱ्या गावच्या कारागिरानं मूठ केली नसेल कशावरून?

तेव्हा पात्यावरून अख्ख्या तलवारीला नाव देणारे ते गृहस्थ आणि मुठीवरून देणारा मी, दोघंही एका नावाचाच हट्ट धरून होतो. संग्रहालयाच्या पाटीवर मुठीची घडण एका ओळीत यावी, पात्याचं मूळ दुसऱ्या ओळीत. नव्या खिळ्यांची, सांडलेल्या राळेच्या डागांचीही नोंद हवी. जुनी हत्यारं विकणारे नेमके तेच डाग आधी घासून काढतात.