वलगणीचे मासे

मृगाच्या सरी सुरू झाल्या की आपल्या वसईच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात. यांत्रिक नौकांना सरकारची बंदी असते, कारण हे दिवस बऱ्याच माशांच्या विणीचे. एखादाच कोणी भर पावसात, फुटणाऱ्या लाटांत कमरेइतक्या पाण्यात उभा राहून पाग टाकताना दिसतो. बाकी आपण सुक्या बोंबलांवर भागवतो.

नेमक्या याच दिवसांत आपल्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात मासेमारीचा मोसम सुरू होतो. पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे उलट्या प्रवाहाने ओहोळांत आणि भातखाचरांत चढतात. तिथले पाणी उथळ, संथ. अंडी घालायला ते सुरक्षित. या चढणीलाच वलगण म्हणतात. मासे चढू लागले की पाड्यावरची लहानथोर माणसे बॅटऱ्या घेऊन रात्रीच ओहोळावर धावतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही जण मोखाड्याकडच्या एका पाड्यावर मुक्कामाला होतो. रात्री चुलीपाशी मासे साफ करताना जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात गाबोळी निघाली. आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, ‘‘पोटुशी मासळी मारणे हे पाप नाही का?’’

घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी ते ऐकले. म्हणाले, ‘‘दाणे होते ते पेरले. नवीन भात दिवाळीला. तोवर पोराबाळांनी काय खायचं?’’

आम्ही गप्प झालो. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. पावसाळ्यातली भूक म्हणजे काय, हे त्या डोंगरातल्या लोकांना कोणी शिकवायला नको.

संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले आहे की, आत्यंतिक गरजेत सापडलेल्या माणसाने जगण्यासाठी दुसऱ्याचे घेतले तर ती चोरी ठरत नाही. मग ओहोळातला मासा घेणे पाप कसे? पण त्या गाबोळीवर आणखी एकाचा हक्क आहे. पुढच्या वर्षी भुकेला होणाऱ्या मुलाचा. त्याच्या वतीने बोलायचे कोणी?

उत्तर सकाळी मिळाले. बाबांनी आम्हाला ओहोळावर नेले. बांबूच्या कामट्यांचा सापळा त्यांनी एका काठाला दगडांत रोवला होता. दुसऱ्या काठाने पाणी मोकळे वाहत होते. मी विचारले, ‘‘पूर्ण का नाही अडवलं?’’ ते हसले. ‘‘सगळंच अडवलं तर पुढच्या साली चढणार कोण?’’

जुन्या करारात अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी एक नियम आहे. पिल्ले घ्यावीत, पण आईला सोडून द्यावे. देव तिथे घेऊ नका असे म्हणत नाही. संपवू नका, एवढेच सांगतो. बाबांनी हा अध्याय कधी वाचला नसेल. ते तो पाळत होते. ओहोळात विष कालवणारा किंवा विजेचा झटका देणारा मात्र तो मोडतो, मग तो गरीब असो की श्रीमंत.

आणि आपण? जव्हारच्या डोंगरातून येणारी सूर्या नदी धामणीला धरणाने अडवली आहे. तेच पाणी वसई-विरारच्या नळांना येते. त्या भिंतीत माशांना चढायला अर्धी वाट मोकळी ठेवलेली नाही. पाणी आपल्यालाही हवेच, ती आपलीही गरज आहे. पण बाबांची गरज एका टोपलीत मावली. आपली कशात मावते?

पोटुशी मासळी कोण मारतो, हे विचारण्याआधी एवढे तपासू या. आपल्या घरात, शेतात, विहिरीवर, धंद्यात आपण दुसऱ्यासाठी अर्धा ओहोळ मोकळा ठेवला आहे का?