देणं आणि करू देणं

सकाळच्या सातारा-सांगली एस.टी.त पाय ठेवायला जागा नसते. कराडला पाटी सावरत एखादी मावशी चढते. मागून कुणीतरी म्हणतं, "सरका की वाईच, बसू द्या की मावशींना!" तिघांच्या बाकावर चौथी जागा होते. कुणाच्या खिशातला रुपयाही खर्ची पडत नाही. तरी त्या बोलण्यातलं क्रियापद 'देणे'च असतं.

हे क्रियापद फार जुनं आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या कागदपत्रांइतक्याच चिकाटीनं मराठी क्रियापदांची मुळंही धुंडाळली. त्यांचा धातुकोश त्यांच्या मागे, १९३७ मध्ये छापून आला. आपल्या 'देणे'चं मूळ संस्कृत 'दा'. त्याचा सख्खा भाऊ जुन्या स्लाव लोकांच्या बोलीत होता, 'दाती'. त्या बोलीत लिहिलेलं काहीच उरलेलं नाही. रशियन, पोलिश, चेक या तिच्या लेकींचे शब्द शेजारी शेजारी मांडून अभ्यासकांनी तो शब्द पुन्हा जुळवला.

रशियन माणूस 'दे' म्हणायला 'दाय' म्हणतो. आपण 'बघू दे', 'बोलू दे' म्हणतो, तसं तोही त्याच 'दाय'नं म्हणतो. वस्तू देणं आणि वाव देणं, दोन्हींना इथेही एकच क्रियापद, तिथेही एकच. वस्तू आपण हौसेनं देतो. वाव द्यायला मात्र घाईत विसरतो. पोरगं शर्टाची गुंडी लावत असतं आणि आपण त्याचा हात बाजूला करून ती लावून टाकतो. सासूबाई काही सांगत असतात आणि त्यांचं वाक्य आपणच पुरं करतो. ऑफिसातला नवा मुलगा अडखळला की त्याचं काम ओढून घेतो. यात माया असते, मदतही असते. पण समोरच्याची संधी तेवढी हुकते.

आज एवढं करून बघू या. एखाद्याचं बोलणं शेवटपर्यंत होऊ द्यायचं. एखादं काम ज्याचं त्याच्या हातानं होऊ द्यायचं. गुंडी वाकडी लागेल, दोन मिनिटं जास्त जातील. पण पोराला आपल्या हातांचा भरवसा येईल, आणि तो आपणच दिलेला असेल.