नाडी आणि मीठ

कापसाची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे घेणाऱ्या गिरणी-कामगाराची छाती सुटीनंतर कामावर येताच आवळते, हा ‘बिसिनोसिस’. आरंभी आठवडा सरता सरता आराम पडतो, म्हणून कामगार त्यास थकवा म्हणतो; नोकरीच्या भयाने बोलतही नाही. कंपनीचे डॉक्टर विडीकडे बोट दाखवितात. विडी अपायकारक खरीच. परंतु विडी तर सुटीच्या दिवशीही ओढली जाते! १७०० साली इटलीचे वैद्य रामात्सिनी यांनी सांगितले, रोग्यास त्याचा धंदा विचारावा. येथे तो न विचारताच ठाऊक असतो. डॉक्टरांसही प्रपंच आहे, मालकाच्या मिठास जागावे, हेही आम्हांस मान्य. तथापि ज्याची नाडी हाती धरली त्याचे ऋण आम्ही आधीचे मानतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने नोंदणीय व्यवसायरोगाची वर्दी मुख्य निरीक्षकास देण्याचे दायित्व व्यवस्थापकाप्रमाणेच उपचार करणाऱ्या वैद्यावरही ठेविले होते.