मुक्ताईची ताटी आणि व्यसनमुक्तीची सेवा



वाघूर नदीच्या काठी वसलेल्या या पहूर नगरीत आपण देवदर्शनासाठी आलात. कोणी अजिंठ्याच्या वाटेने आले, कोणी जळगाव-जामनेरकडून, तर कोणी जवळच्या खेड्यांतून पायी आले. देवापुढे हात जोडताना प्रत्येकाच्या अंतरी काही मागणे असते. कोणाला संतान हवे असते, कोणाला कापसास बरा भाव हवा असतो, कोणाला दुखण्यातून सुटका हवी असते. परंतु एक मागणे असे आहे की ते मोठ्याने बोलले जात नाही. एखादी माउली पदराआडून एवढेच पुटपुटते, “देवा, त्यांची सुटू दे.” काय सुटू दे, हे तिला सांगावे लागत नाही. देवाला ते कळते आणि तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बायाबापड्यांनाही कळते.

त्या माउलीच्या मागण्याविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

व्यसनात बुडालेल्या माणसाला देवळात आणून शपथ घ्यावयास लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कोणी देवापुढे हात ठेवून शपथ घेतो, कोणी एखाद्या ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून तुळशीची माळ गळ्यात घालून घेतो. माळेचा महिमा थोर आहे. माळकऱ्याने मद्यमांस वर्ज्य करावे, एकादशी करावी, पंढरीची वारी चुकवू नये, हे व्रत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आणि त्याने असंख्य घरे सावरली. तथापि एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. कित्येकांची शपथ महिन्या-दोन महिन्यांत मोडते. मग तो माणूस देवळाकडे फिरकत नाही. देवाचे भय वाटते आणि लोकांची लाज वाटते. “याने देवाचीही शपथ पाळली नाही,” असे म्हणून घरचेही हात टेकतात. ज्या घडीस त्याला आधाराची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच घडीस त्याला घर, गाव आणि देऊळ ही तिन्ही दारे बंद झालेली दिसतात. मग उघडे दार एकच उरते, ते गुत्त्याचे.

येथे आपल्या जळगाव जिल्ह्याचे भूषण असलेल्या आदिशक्ती मुक्ताईचे स्मरण होते. तापीकाठी मेहूण येथे इ. स. १२९७ मध्ये ती गुप्त झाली, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. कोथळी-मुक्ताईनगरास आजही लक्षावधी भाविक तिच्या दर्शनास जातात. तिचे ताटीचे अभंग आपण भजनात ऐकले असतील. लोकांच्या टोचून बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. तेव्हा धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहिली आणि दार उघडावे म्हणून तिने थोरल्या भावाची विनवणी केली. तिने ताटी मोडली नाही, चारचौघांना बोलावून तमाशा केला नाही आणि कंटाळून निघूनही गेली नाही. दार आतून उघडेपर्यंत ती बाहेर उभी राहून प्रेमाने बोलत राहिली.

ज्ञानदेव निष्पाप होते. व्यसनी माणसाच्या हातून घरच्यांवर अन्याय झालेला असतो, म्हणून ही तुलना त्या दोघांची नव्हे. तुलना आहे ती बाहेर उभ्या राहणाऱ्याची. लाजेने दार लावून बसलेल्या जिवासाठी बाहेर कोणीतरी थांबावे लागते, आणि व्यसनमुक्तीच्या कार्यातील स्वयंसेवकाचे काम नेमके हेच असते.

आपल्या संतांनी हे कार्य धर्मकार्यच मानले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या श्री संत गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. लहानगा डेबूजी आईसह मामाच्या घरी वाढला. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला रूढीप्रमाणे दारू-मटणाची पंगत न घालता त्यांनी गोड जेवण घातले आणि भाऊबंदांचा रोष पत्करला. १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत कीर्तनातून ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून दारूचा दोष वदवून घेत. बापाचे दुःख त्यांनी कडवटपणात जिरवले नाही, तर लोकसेवेत ओतले.

आपल्या खानदेशच्या पश्चिमेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, असेच एक नवल घडले. तळोदा तालुक्यातील मोरवड येथील संत गुलाम महाराजांनी १९३७-३८ च्या सुमारास भिल्ल बांधवांमध्ये आरतीचा परिपाठ सुरू केला. शतकानुशतके ‘अरे-तुरे’ ऐकणाऱ्या या समाजाने एकमेकांस ‘आप’ म्हणून मान द्यावा, स्वच्छ राहावे आणि दारू सोडावी, ही त्यांची शिकवण होती. आरतीस प्रचंड समुदाय लोटू लागला. १९३८ मध्ये महाराजांनी देह ठेवला, तरी बंधू रामदास महाराजांनी कार्य पुढे चालविले आणि ‘आप की जय’ हा घोष आजही त्या भागात ऐकू येतो. दारू सोडण्याआधी माणसाला मान मिळाला, ही यातील मर्माची गोष्ट आहे. ज्याला कोणी ‘आप’ म्हणत नाही, त्याने स्वतःचे मोल कशावरून जाणावे?

संतांनी दाखविलेली ही वाट आधुनिक काळातही चालू राहिली. पुण्यात डॉ. अनिता अवचट व श्री. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. ‘गर्द’च्या व्यसनावरील अवचटांचे लेख वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या देणगीचा त्यास आधार मिळाला. तेथे उपचार घेऊन बरे झालेले अनेक जण पुढे तेथेच समुपदेशक आणि कार्यकर्ते झाले. काल ज्याचा हात धरावा लागला, तो आज दुसऱ्याचा हात धरतो.

दूरदेशीचा अनुभवही असाच आहे. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा गृहस्थ कामानिमित्त आला होता. त्याने नुकतीच दारू सोडली होती. व्यवहार फसला, मन खचले आणि पाय पुन्हा मद्यगृहाकडे वळू लागले. त्या क्षणी त्याने आपल्यासारखाच दुसरा पीडित शोधून काढला. डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी तो तासन्‌तास बोलला आणि दोघेही सावरले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली, जी आज महाराष्ट्रातही आहे. सभेत आडनाव, जात, हुद्दा विचारला जात नाही. प्रत्येक जण फक्त आजचा दिवस पिणार नाही, एवढाच निश्चय करतो. बाहेरच्यांकडून ही मंडळी देणगीही घेत नाहीत. आपल्या परंपरेत याला सत्संग म्हणतात. व्यसन बहुधा संगतीने लागते, आणि ते सुटते तेही संगतीनेच.

भाविकहो, सेवा डोळसपणे केली पाहिजे, म्हणून काही गोष्टी ध्यानी धराव्यात.

दारूचे व्यसन हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते. इच्छाशक्ती लागतेच, पण उपचारही लागतात. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय कापणे, झटके येणे, भास होणे असे प्रकार घडू शकतात आणि क्वचित प्राणावर बेतते. म्हणून देवापुढे शपथ घ्यावयाची असेल, तर ती घ्यावीच, पण आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. यात देवावर अविश्वास नाही. वैद्याच्या हातालाही यश देणारा तोच आहे.

दुसरे असे की, “न सांगता दारू सोडवा” म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या जेवणात कालवून देऊ नयेत. डायसल्फिराम नावाच्या औषधावर दारू पोटात गेली, तर रक्तदाब घसरून जीव जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. पत्नीने काळजीपोटी केलेला उपाय तिच्याच कुंकवावर उठू नये.

तिसरे, उपचारानंतर कोणी पुन्हा घसरला तर सारे व्यर्थ गेले, असे मानू नये. या आजारात घसरणे वारंवार घडते आणि त्यातून माणूस पुन्हा उठतो. वारीत ठेच लागलेल्या वारकऱ्याला कोणी घरी पिटाळत नाही. दिंडी क्षणभर थांबते, त्याला उठविते आणि पुढे चालू लागते.

आता प्रश्न उरतो, तो आपण काय करावे हा. यासाठी मोठे ज्ञान लागत नाही. आपल्या भागातील व्यसनमुक्ती केंद्रास आठवड्यातून एक सायंकाळ द्यावी. केंद्रातून परतलेल्या माणसाच्या घरी सहज जावे, चहा घ्यावा, पीकपाण्याच्या गप्पा माराव्यात. त्याला उपदेश करू नये, उपदेश त्याने पुष्कळ ऐकलेला असतो. पोळा, आखाजी, लग्नातील हळद, बाजारचा दिवस आणि मजुरी हाती पडण्याची वेळ हे त्याच्या कसोटीचे प्रसंग असतात. त्या दिवशी त्याला सोबत द्यावी, भजनाला न्यावे, पंगतीत वाढावयास उभे करावे. ज्याच्यावर कोणी काम सोपवीत नाही, त्याच्या हाती देवाच्या प्रसादाचे पातेले द्यावे. त्याच्या पत्नीचीही विचारपूस करावी, कारण घरातील मार, कर्ज आणि अबोला तिने एकटीने सोसलेला असतो. माफ करण्याची घाई तिच्यावर लादू नये. घरात मारहाण होत असेल, तर आधी तिच्या व मुलांच्या सुरक्षिततेची व्यवस्था पाहावी. आणि सेवेत जे कानी पडले, ते गावात बोलू नये. मौन हेही येथे व्रतच आहे.

दानशूर भक्तांनाही एक विनंती आहे. कळस, सभामंडप, अन्नदान यांस आपण सढळ हाताने देता, त्यात उणे काही नाही. त्याच श्रद्धेने एखाद्या गरीब रुग्णाच्या उपचाराचा, जाण्यायेण्याचा किंवा त्या काळात बुडणाऱ्या मजुरीचा भार उचलावा. पैसा रुग्णाच्या हाती न देता केंद्राकडे पावतीसह भरावा. घरी कोणी व्यसनी असून कोठे जावे ते उमजत नसेल, तर केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क मदतवाहिनीवर विचारणा करता येते.

आणि आपल्यापैकी ज्याची शपथ मोडली आहे, त्यास एवढेच सांगणे आहे. बंधो, शपथ मोडली म्हणून देव मोडत नाही. पायरीपाशी येऊन परत फिरू नकोस. आत ये, दर्शन घे, आणि उद्या दवाखान्यात जाताना सोबत हवी असेल, तर रांगेत शेजारी उभा असलेल्याला निःसंकोच सांग. कदाचित तो हेच वाचून आला असेल.

मुक्ताईच्या विनवणीने ताटी उघडली आणि ज्ञानदेव बाहेर आले. आपल्या गावातही काही ताट्या लागलेल्या आहेत. आज दर्शन घेऊन घरी परतताना त्यांपैकी एकीपाशी क्षणभर थांबावे, हीच देवाचरणी घातलेली खरी फुले होत.

सर्वांचे कल्याण होवो. राम कृष्ण हरि.