पाण्याचे देणे

दरवर्षी २४ जूनला, संत योहान बाप्तिस्ता याच्या सणाच्या दिवशी, गोव्यातील गावोगावचे तरुण डोक्यावर फुलापानांची 'कोपेल' चढवून विहिरीत उड्या घेतात. पावसाळा नुकताच स्थिरावलेला असतो. घुमटाच्या तालावर वाड्यावाड्यातून मिरवणुका निघतात आणि एकेका विहिरीपाशी थांबतात. परक्याला ही केवळ मौज वाटते. पण विहिरीत उडी घ्यायची तर मुळात विहीर असावी लागते, तिच्यात पाणी असावे लागते आणि ते पाणी स्वच्छ राखणारा शेजार असावा लागतो. हा शेजार कसा घडतो आणि कसा मोडतो, याचा विचार सणाच्या गलक्यात सहसा होत नाही. तो येथे करावा असे वाटते.

मराठीतील 'देणे' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. 'देवाचे देणे' म्हणताना आपल्याला देणगी अभिप्रेत असते. 'मी त्याचे देणे लागतो' म्हणताना ऋण. पाण्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. पाणी ही देणगी आहे हे आपण सहज मान्य करतो. ते ऋणही आहे काय, आणि असल्यास कोणाचे, हा खरा नैतिक प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना गोव्याच्या इतिहासाइतका चांगला शिक्षक क्वचितच सापडेल.

गोवा हे अवघे ३,७०२ चौरस किलोमीटरचे राज्य. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर थोडे. त्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत कोसळणारा. नद्या आखूड, आणि भरतीचे खारे पाणी त्यांच्या पात्रातून दूरवर आत शिरणारे. या भूगोलाने राजसत्तांनाही जुमानले नाही. कदंबांची राजधानी गोपकपट्टण जुवारीच्या काठी होती. परचक्रे आली, बंदर गाळाने भरू लागले आणि व्यापार मांडवीच्या काठावरील एला नगरीकडे सरकला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी ती नगरी जिंकली आणि वैभवाच्या शिखरावर नेली. परंतु जांभ्या दगडाच्या सच्छिद्र भूमीत सांडपाणी मुरून विहिरी दूषित होत गेल्या, साथीमागून साथी आल्या. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या गोव्यात आज भव्य चर्चेस उभी आहेत, पण त्यांच्याभोवतीचे शहर नाही. ते नाहीसे होण्यात तोफांपेक्षा विहिरींचा वाटा अधिक होता.

तथापि गोव्याचे खरे शिल्प राजधान्यांत नसून खाजणांत आहे. खाजण म्हणजे भरती-ओहोटीच्या पाण्याखालून सोडवून घेतलेली जमीन. वसईच्या वाचकांना हा शब्द परका नाही. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घालून पूर्वजांनी खाडीला मागे सारले. बांधाबाहेर तिवरांची रांग लाटांचा मारा झेलते. बांधात ठिकठिकाणी 'मानस' नावाचे लाकडी दरवाजे असतात. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटतात; ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या भाराने उघडतात. पावसाळ्यात शेतातला खार धुऊन निघतो आणि 'कोरगुट' नावाचा, खारेपण सोसणारा भात तेथे पिकतो. सुगीनंतर कोठे मर्यादेत खारे पाणी आत घेऊन मासळी धरतात, तर कोठे मिठागरे मांडतात. त्याच खाऱ्या पाण्याला योग्य वेळी अडवले की भात मिळतो आणि योग्य वेळी वाट दिली की मासळी आणि मीठ.

या रचनेत एक नीतिशास्त्र दडलेले आहे. खाजणातील शेते भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतात. बांधाला एका ठिकाणी जरी भगदाड पडले, तरी खारे पाणी एकाच शेतकऱ्याच्या बांधापाशी थबकत नाही. ते साऱ्या गावाचे शेत नासवते आणि त्याचा खार पुढे कित्येक हंगाम उतरत नाही. म्हणूनच येथे 'माझे शेत' म्हणण्यापूर्वी 'आमचा बांध' म्हणावे लागते. या गरजेतून गांवकरी ही संस्था दृढ झाली. जमीन गावाच्या मालकीची. ती लिलावाने कसायला दिली जाई. येणाऱ्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी आणि गावाची कामे होत. आणि उरलेला पैसा 'जोन' म्हणून गांवकरांत वाटला जाई. आधी बांध, मग वाटणी, असा हा क्रम होता. पोर्तुगीजांनी १५२६ च्या सनदेत या गावरहाटीची नोंद केली आणि पुढे तिला 'कोमुनिदाद' हे नाव मिळाले.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना मात्र सत्याचा बळी देऊन चालणार नाही. जोन मिळे तो गांवकर घराण्यांतील पुरुषांना. चिखलात उतरून बांध घालणारे, भात लावणारे, मिठागरात राबणारे अनेक हात त्या वाटणीच्या बाहेरच राहिले. कर्तव्य सर्वांचे आणि फळ काहींचे, असा हा अन्याय शतकानुशतके चालला. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ मध्ये कूळ कायदा आला आणि कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. हे न्यायाचेच पाऊल होते. पण या पावलाबरोबर एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला: आता बांध कोणाचा? कोमुनिदादीला जमिनीपासून उत्पन्न उरले नाही. एकट्या कुळाला बांध पेलवेना. १९७५ च्या नियमांनी ही जबाबदारी कुळांच्या संघटनांवर सोपवली. काहींनी ती निष्ठेने पार पाडली. काही ठिकाणी मात्र मानशीवरील मासेमारीच्या लिलावाचा पैसा भातापेक्षा मोठा ठरला. खारे पाणी मर्यादेबाहेर आत येऊ लागले, बांध फुटले, फुटू दिले गेल्याच्याही तक्रारी झाल्या, आणि भाताच्या शेतांत तिवरे माजली.

येथे आपण घटकाभर थांबले पाहिजे. जुनी व्यवस्था कर्तव्य जाणत होती, पण न्याय पुरता जाणत नव्हती. नव्या व्यवस्थेने न्याय जाणला, पण कर्तव्य कोठेतरी मध्येच सांडले. मग कर्तव्य राखायचे तर अन्यायही राखला पाहिजे काय? मला तसे वाटत नाही. हक्क वाटून देता येतो, तसे ऋणही वाटून घ्यावे लागते, आणि ही दुसरी वाटणी कायद्याच्या एका कलमाने पुरी होत नाही. ती मनातच व्हावी लागते, एवढाच याचा अर्थ आहे.

दुसरे उदाहरण अधिक दुखरे आहे. सांगे तालुक्यातील कुर्डी हे सुपीक गाव. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे मूळ गाव. साळावली नदीवर धरण बांधायचे ठरले आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी स्वतः जाऊन, सर्वांच्या हितासाठी हा त्याग करावा, असे गावकऱ्यांना सांगितले. १९८० च्या दशकात गाव जलाशयात बुडाले. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सारेच उठले आणि वाडे, वालकिणी येथे वसले. आज दक्षिण गोव्याच्या नळांतून साळावलीचे पाणी वाहते. दर मे महिन्यात जलाशय आटला की कुर्डीच्या घरांचे पाये, वाटा आणि सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते. मग जुने रहिवासी तेथे जमतात. कोणी चॅपेलचे फेस्त करतात, कोणी देवळाचा उत्सव. याच पुनर्वसित वस्त्यांतून, उन्हाळ्यात विहिरी आटतात व टँकरची वाट पाहावी लागते, अशी गाऱ्हाणी ऐकू आली आहेत. ज्यांनी पाण्यासाठी गाव दिले त्यांच्याच घागरी रित्या राहाव्यात, यापेक्षा मोठे न फिटलेले ऋण कोणते? नळ उघडताना मडगावच्या किंवा वास्कोच्या गृहिणीला कुर्डीचे नाव आठवते काय? तिला दोष देण्याचा हेतू नाही. पाणी नळातून येते तेव्हा त्यामागचा माणूस दिसत नाही. विहिरीवर तो दिसत असे.

आणि आता म्हादई. ही नदी कर्नाटकात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. तिचे पाणी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवू पाहणाऱ्या कर्नाटकाशी गोव्याचा वाद जुना आहे. २०१० मध्ये लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी देणारा निवाडा दिला. तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. 'वरच्याने पाणी वळवले तर खालच्याचे काय?' हा गोव्याचा प्रश्न रास्त आहे. पलीकडे हुबळी-धारवाडच्या माणसाची तहानही खोटी नाही. परंतु जो न्याय आपण वरच्या काठाकडे मागतो, तो आपल्या खालच्या काठाला देतो काय? डोंगर खणून झरे आटवताना, शेतात भराव घालताना, खाडीत सांडपाणी सोडताना आपणही कोणाच्या तरी वरच्या काठावर उभे असतो. खालच्या काठावरील त्या माणसासाठी लवाद बसत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. बापाने खणलेल्या विहिरी शत्रूंनी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या. नवी विहीर खणली तर भांडण झाले. तो पुढे गेला. दुसरी खणली, पुन्हा भांडण. तो आणखी पुढे गेला. तिसऱ्या विहिरीवर कोणी भांडले नाही. तिला त्याने रहोबोथ, म्हणजे 'ऐसपैस जागा', असे नाव दिले. इसहाकाची सहनशीलता वंदनीय खरी. पण त्याच्यापुढे मोकळी भूमी होती. आपल्यापुढे ती नाही. आपल्याला आहे त्याच विहिरीवर, आहे त्याच शेजाऱ्याबरोबर रहोबोथ निर्माण करावा लागणार आहे.

ते कसे, याचे उत्तर खाजणाच्या बांधावर आहे. तेथे कोणी पाण्याचा मालक नव्हता, राखणदार मात्र असावेच लागत. आपल्याकडे वसईत बावखले बुजवली गेली आणि टँकर धावू लागले, तेव्हा आपणही तोच धडा उलट्या बाजूने शिकलो. येत्या २४ जूनला विहिरीत उडी घेणाऱ्या मुलाला टाळ्या जरूर द्याव्यात. पण त्याआधी, मे महिन्यातच, त्याच मुलाला हाताशी घेऊन विहिरीतला गाळ उपसावा. वाड्यावरच्या ज्या घराला विहीर नाही, त्या घरालाही गाळ काढायला बोलवावे आणि पाणी भरायलाही.